दिल्लीच्या रस्त्यावर माग कुठे सुटतो

आश्रम चौकातून मथुरा रस्त्याला लागणारी एखादी ऑटोरिक्षा घ्या. हिरवं अंग, पिवळं छत. खांबावरच्या कॅमेऱ्याला ती स्वच्छ दिसते. संगणक तिच्याभोवती चौकट आखतो आणि तिला एक क्रमांक देतो, समजा ४१. दोन सेकंदांत डीटीसीची बस मधे येते आणि रिक्षा झाकली जाते. बस पुढे सरकते तेव्हा तिच्या मागून तीन रिक्षा बाहेर पडतात, तिन्ही हिरव्या-पिवळ्या. यातली ४१ कोणती? माणूस क्षणभर घुटमळेल आणि बहुधा बरोबर बोट दाखवेल. संगणक घुटमळत नाही. तो तिघींपैकी एकीला ४१ ठरवतो, उरलेल्या दोघींना नवे क्रमांक देतो आणि पुढच्या फ्रेमकडे वळतो.

चित्रात वस्तू ओळखणं हे एक काम आणि चित्रफितीत तीच वस्तू धरून ठेवणं हे दुसरं. पहिल्यात गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकाने झपाट्याने मजल मारली. दुसऱ्यात, म्हणजे माग काढण्यात, त्याची गाडी अजून अडखळते. वाहनांची मोजणी, वेगाचा हिशेब, उलट्या दिशेने घुसलेली मोटारसायकल पकडणं, विनाचालक गाडीला आजूबाजूचं भान देणं, क्रिकेटमधला पायचीतचा निकाल, हे सगळं या दुसऱ्या कामावर उभं आहे. माग तुटला की एक रिक्षा दोनदा मोजली जाते, दोन वाहनांचे क्रमांक अदलाबदल होतात आणि एकाचा वेग दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या परिसरात हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘फोर्ब्स इंडिया’ने जगातल्या शहरांची यादी छापली, तिच्यात दर चौरस मैलामागे १,८२६ कॅमेरे अशा आकड्यासह दिल्ली पहिली होती. मे २०२५ मध्ये द्वारका एक्सप्रेसवे आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ चा शिवमूर्ती ते खेडकी दौला हा पट्टा मिळून सुमारे ५६ किलोमीटरवर नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. दर किलोमीटरला फिरते कॅमेरे, एकूण ११०, आणि नियमभंगाचे १४ प्रकार आपोआप टिपण्याची सोय. कॅमेऱ्यांची संख्या बातमीत ठळक छापली जाते. हे कॅमेरे एखाद्या वाहनाचा माग किती वेळ न तुटता धरू शकतात, हा आकडा मात्र जाहीर चर्चेत येत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

यंत्राच्या हाती हे काम जाण्याआधी ते माणसं करत होती. मथुरा रस्त्यावरच असलेली केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ पासून देशभरच्या रहदारीचा अभ्यास करते. भारतीय रस्त्यांच्या वहनक्षमतेची नियमपुस्तिका, ‘इंडो-एचसीएम’, तिच्याच पुढाकाराने २०१७ साली तयार झाली. अशा कामाला लागणारी माहिती फार मोठ्या प्रमाणावर चित्रफितींतून काढावी लागते. मुंबईच्या आयआयटीत टॉम मॅथ्यू यांच्या गटाने २०१४ च्या सुमारास ‘ट्रॅफिक डेटा एक्स्ट्रॅक्टर’ नावाचं सॉफ्टवेअर केलं. त्याची रीत साधी होती: चित्रफीत पडद्यावर लावायची, एक वाहन निवडायचं, आणि ते पुढे सरकेल तसं माउसने त्याच्यावर टिचक्या मारत जायचं. वाहन संपलं की फीत मागे घ्यायची आणि दुसरं वाहन. काही मिनिटांच्या फितीसाठी विद्यार्थ्यांचे दिवसच्या दिवस त्यात जायचे. आपल्या बेशिस्त, सरमिसळ रहदारीबद्दल जे पक्कं ज्ञान आज आहे, त्यातलं बरंचसं या टिचक्यांतून आलेलं आहे. ही गोष्ट विसरून ‘आता एआय करेल’ म्हणणाऱ्यांनी एकदा एक मिनिटाची फीत अशी मोजून पाहावी.

संगणकाने स्वतः माग काढावा ही कल्पना मात्र जुनी. नागपूर विद्यापीठातून १९६९ साली अभियंता होऊन बाहेर पडलेले रमेश जैन हे या क्षेत्राच्या आरंभीच्या लोकांपैकी. हॅम्बुर्गच्या हान्स-हेल्मुट नागल यांच्यासोबत त्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला निबंध रस्त्यावरच्या खऱ्या दृश्यांतली हालचाल फ्रेममधल्या फरकांची बेरीज करून शोधण्याबद्दल होता. दोन वर्षांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी लहान लहान तुकडे एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले हे काढण्याची रीत दिली. ती आजही वापरात आहे. २००० साली कोमानिचू, रमेश आणि मीर या तिघांनी वस्तूच्या रंगांचं गणित करून तिच्यामागे जाणारी ‘मीन शिफ्ट’ पद्धत मांडली. २०१० मध्ये कोलोरॅडोच्या डेव्हिड बोल्मे यांच्या ‘मॉसी’ने सेकंदाला ६६९ फ्रेम इतका वेग गाठला, तोही साध्या संगणकावर. मग २०१६ पासून न्यूरल नेटवर्कच्या जुळ्या जोड्यांचा जमाना आला: एका जाळ्याला वस्तूचा नमुना द्यायचा, दुसऱ्याला नवी फ्रेम, आणि दोन्हींच्या उत्तरांत साम्य कुठे आहे ते पाहायचं. २०२१ नंतर ‘ट्रान्सफॉर्मर’ या नव्या धाटणीच्या न्यूरल नेटवर्कने तीही जागा घेतली.

एवढ्या पिढ्या बदलल्या तरी एक दुखणं कायम राहिलं. ते नमुन्याचं.

माग काढणाऱ्या यंत्राला पहिल्या फ्रेममध्ये सांगितलं जातं, ‘ही वस्तू.’ तोच त्याचा नमुना. रिक्षा वळली, की समोरून दिसणारी रिक्षा बाजूने दिसू लागते. पुलाखाली गेली, की काळवंडते. नमुना जुनाच ठेवला तर काही सेकंदांत तो ओळखेनासा होतो. म्हणून तो नव्याने शिकत राहावा लागतो. पण शिकायचं कशावरून? यंत्राने स्वतः काढलेल्या चौकटीवरून. ती चौकट थोडी सरकलेली असेल तर रिक्षेसोबत शेजारच्या बसचा एक पट्टाही नमुन्यात शिरतो. पुढच्या वेळी आणखी थोडा. शंभर फ्रेमनंतर यंत्र ठाम विश्वासाने बसचा माग काढत असतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. इयन मॅथ्यूज, ताकाहिरो इशिकावा आणि सायमन बेकर यांनी २००४ साली या दुखण्यावरच निबंध लिहिला. त्यांचा उपाय होता की नवा नमुना घ्या, पण पहिल्या मूळ नमुन्याशी तो ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नका. दोन दशकांतल्या कितीतरी नव्या रीती म्हणजे याच सावधगिरीची नवी रूपं आहेत.

सरे विद्यापीठातल्या झ्डेनेक कालाल यांनी यात पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या ‘टीएलडी’ पद्धतीत तीन भाग एकमेकांवर नजर ठेवतात: एक माग काढतो, एक प्रत्येक फ्रेममध्ये वस्तू नव्याने शोधतो, आणि तिसरा दोघांच्या चुकांवरून शिकतो. जंगलात माग काढणारा जाणकार खडकावर ठसे दिसेनासे झाले की अंदाजाने पुढे धावत नाही. शेवटच्या खात्रीच्या ठशाशी परत येतो आणि तिथून गोल फिरून शोधतो. कालाल यांच्या रीतीत हे शहाणपण पहिल्यांदा नीट उतरलं. माग सुटला हे मान्य करायचं, आणि मग शोधायचं. भक्कमपणाची याहून चांगली कसोटी या क्षेत्राला अजून सापडलेली नाही, असं म्हणायला हरकत नाही.

रस्त्यावर एक वस्तू नसते, शेकडो असतात, म्हणून तिथे वेगळी यंत्रणा लागते. आधी प्रत्येक फ्रेममधली सगळी वाहनं ओळखायची आणि मग मागच्या फ्रेममधल्या वाहनांशी त्यांच्या जोड्या लावायच्या. २०१६ साली आलेली ‘सॉर्ट’ ही पद्धत इतकी साधी होती की बऱ्याच जणांना आधी पटेना. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० साली मांडलेल्या गणिताने वाहन पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज करायचा, आणि अंदाजाची चौकट प्रत्यक्ष चौकटीवर किती बसते यावरून जोडी जुळवायची. सेकंदाला २६० फ्रेम. वर्षभरात ‘डीपसॉर्ट’ने त्यात रूपाची ओळख जोडली: रंग, आकार, पोत. क्रमांक अदलाबदल होण्याचं प्रमाण त्याने ४५ टक्क्यांनी घटलं. २०२२ च्या ‘बाइटट्रॅक’ने आणखी एक उधळपट्टी थांबवली. तोवर ओळख अर्धवट असलेल्या चौकटी सरळ फेकून दिल्या जात. या मंडळींनी दाखवलं की बसमागे अर्धी झाकलेली रिक्षा नेमकी अशाच चौकटीत असते, तेव्हा त्या फेकू नका, जुन्या मागाशी जुळतात का ते आधी पाहा.

आता या तिन्ही युक्त्या दिल्लीच्या चौकात आणून पाहा. काल्मनचं गणित वाहन बऱ्यापैकी सरळ, एकसारख्या गतीने जाईल असं धरतं. इथली मोटारसायकल दोन गाड्यांमधल्या फटीतून तिरकी घुसते, थांबते, पुन्हा निघते. रूपाची ओळख म्हणावी, तर १९९८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजीवर गेलेल्या दिल्लीच्या ऑटोरिक्षा सगळ्या एकाच रंगाच्या. ई-रिक्षाही बहुतेक एकाच साच्यातून निघाल्यासारख्या. ज्या खुणेने माणूस त्यांना वेगळं करतो, म्हणजे मागे लिहिलेला शेर, लटकवलेली चप्पल, फाटलेला पडदा, ती खूण लांबच्या कॅमेऱ्यात चार पिक्सेलांचा ठिपका होऊन जाते. त्यात फीत साठवताना जागा वाचावी म्हणून ती दाबली जाते आणि तो ठिपकाही पुसला जातो.

आणि तिसरी अडचण, जी फारशी कोणी बोलून दाखवत नाही: फ्रेमचा दर. ताशी ६० किलोमीटरने जाणारं वाहन सेकंदाला जवळपास १७ मीटर कापतं. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये ते ६७ सेंटिमीटर सरकतं. मोटारसायकलच्या दोन चौकटी एकमेकींवर व्यवस्थित बसतात. कॅमेरा सेकंदाला पाचच फ्रेम पाठवत असेल तर तीच मोटारसायकल दोन फ्रेममध्ये सव्वातीन मीटर पुढे गेलेली असते. तिची स्वतःची लांबी दोन मीटर. चौकटी एकमेकींना शिवतही नाहीत. मग जोडी लावणार कशाच्या आधारावर? भारी न्यूरल नेटवर्क विकत घेण्याआधी फ्रेमचा दर आणि कॅमेऱ्याची उंची नीट केली तर स्वस्तात जास्त फायदा होतो. उंचावरून पाहिलं की बसमागे झाकलं जाणंच कमी होतं. एकाच खांबाऐवजी समोरासमोरच्या दोन कॅमेऱ्यांनी चौक पाहिला तर एकाला न दिसणारी रिक्षा दुसऱ्याला दिसते. हे बिनडामडौलाचे उपाय परिषदांच्या निबंधांत शोभत नाहीत, म्हणून मागे पडतात.

दिल्लीच्या रस्त्यांवर हा प्रश्न गंभीरपणे हाताळणाऱ्या कामांत आयआयटी दिल्लीच्या रिजुरेखा सेन यांच्या गटाचा २०१९ मधला निबंध महत्त्वाचा आहे. त्यांनी शहरातल्या चार ठिकाणांच्या चित्रफितींतून ५,५६२ फ्रेम घेतल्या, त्यांतल्या दुचाकी, तिचाकी, मोटारी, बस, ट्रक यांच्यावर खुणा केल्या आणि त्यावर यंत्र शिकवलं. ओळखीची सरासरी अचूकता जास्तीत जास्त ७५ टक्क्यांपर्यंत गेली. हा आकडा पाहून नाक मुरडण्याआधी लक्षात घ्यायला हवं की इथे लेन नावाची गोष्ट कागदावरच असते. त्याहून मोलाचा भाग पुढचा आहे. रस्त्यावरून दूरच्या सर्व्हरपर्यंत फीत सतत पाठवता येईल असं जाळं सगळीकडे नसतं, हे गृहीत धरून त्यांनी खांबावरच्या छोट्या यंत्रातच हे काम किती वेळात, किती विजेवर आणि किती पैशांत होईल याचा हिशेब मांडला. भक्कमपणा म्हणजे नुसती अचूकता, असं समजणाऱ्यांना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला हवा. परदेशी ग्राफिक कार्डावर दिमाखात चालणारी पद्धत मे महिन्यात ४५ अंशांत तापलेल्या पेटीत चालणार आहे का, हाही माग टिकण्याचाच प्रश्न आहे.

यंत्र ज्यावर शिकतं त्या चित्रांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. वस्तू ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कोको’ या संग्रहात वस्तूंचे ८० वर्ग आहेत. त्यात जिराफ आहे, स्कीच्या पट्ट्या आहेत, ऑटोरिक्षा नाही. वाहनांच्या मागासाठी गाजलेला ‘यूए-डेट्रॅक’ संग्रह बीजिंग आणि त्यान्जिनच्या २४ ठिकाणांवरचा. दहा तासांची फीत, बारा लाखांहून जास्त चौकटी, पण वर्ग चारच: मोटार, बस, व्हॅन आणि इतर. दुचाकीला तिथे जागाच नाही. अशा संग्रहावर तयार झालेल्या यंत्राला दिल्लीच्या लक्ष्मीनगरची संध्याकाळ दाखवली तर त्याचं पितळ उघडं पडणारच. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलसोबत केलेल्या ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. १८२ फेऱ्यांमधल्या १०,००० चित्रांवर ३४ वर्गांच्या खुणा, त्यात ऑटोरिक्षा, प्राणी आणि रस्त्याकडेची गाडी जाऊ शकेल अशी मातीची पट्टीसुद्धा. ती चित्रं मात्र प्रामुख्याने हैदराबाद-बंगळुरूची. तिथे धुकं नाही.

दिल्लीत आहे. आणि नुसतं धुकं नाही.

१८ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ वर गेला. डिसेंबर २०१७ मध्ये फिरोजशहा कोटलावर श्रीलंकेचे क्षेत्ररक्षक तोंडाला मास्क लावून उभे राहिले आणि कसोटी सामना थांबवावा लागला, हे क्रिकेटवेड्या वाचकांना आठवत असेल. हवेत कण वाढले की कॅमेऱ्याचं काय होतं याचं गणित हाराल्ट कोशमीडर यांनी १९२४ मध्येच करून ठेवलंय. अंतर वाढेल तसा वस्तू आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक भराभर कमी होतो. तो फरक मूळच्या पाच टक्क्यांवर येतो ते अंतर म्हणजे दृश्यमानता. समजा ती २०० मीटर आहे. हवामान खात्याच्या भाषेत दाट धुक्याची वरची मर्यादा. मग ५० मीटरवरच्या गाडीचा फरक मूळच्या ४७ टक्के उरतो आणि १०० मीटरवरच्या गाडीचा फक्त २२ टक्के. म्हणजे माग काढणाऱ्या यंत्राला जवळ आल्यावर गाडी अचानक ‘उगवताना’ दिसते आणि लांब जाताना ती विरून जाते. गाडी गेली की धुक्यात बुडाली, हे त्याला कळायला हवं, आणि बहुतेक यंत्रांना कळत नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे चित्र आधी ‘धुवून’ घ्यायचं. २००९ साली कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी एकाच चित्रावरून धुकं वजा करण्याची नामी युक्ती काढली आणि त्यानंतर अशा पद्धतींचा पूर आला. डोळ्यांना चित्र फार छान दिसू लागतं. पण अशा धुतलेल्या चित्रांवर वस्तू ओळखून पाहिल्या तेव्हा संशोधकांना आढळलं की यंत्राची कामगिरी दर वेळी सुधारतेच असं नाही; कधी कधी उलटी घसरते, कारण धुताना काठ आणि रंग बदलतात आणि यंत्राला ते नवखे वाटतात. त्यापेक्षा धुक्यातली खरी चित्रं शिकवणीत घालणं बरं. हैदराबादच्याच गटाने पाऊस, धुकं, कमी उजेड आणि बर्फ यांतल्या ५,००० चित्रजोड्यांचा ‘आयडीडी-एडब्ल्यू’ हा संग्रह केला, ज्यात साध्या चित्रासोबत जवळच्या अवरक्त प्रकाशातलं चित्रही आहे. उष्णता टिपणारे कॅमेरे रात्री आणि धुरकट हवेत माणूस आणि इंजिन चांगलं दाखवतात. दाट पाण्याच्या धुक्यात मात्र त्यांचीही दमछाक होते, आणि किंमत अजून चौकाचौकात लावण्याजोगी नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१५ च्या हिवाळ्यात दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळावर ‘वायफेक्स’ हा धुक्याचा प्रयोग सुरू केला. धुकं कधी दाटेल, कधी विरेल याचा अभ्यास तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. विमानांसाठी हे ज्ञान वापरलं जातं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनाही ते देता येईल: आज दृश्यमानता १५० मीटर आहे, तेव्हा त्यापलीकडच्या मागावर विसंबू नका. ही जोडणी तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. दोन खात्यांनी एकमेकांशी बोलणं हे अवघड.

माग काढण्याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण दिल्लीतच, पण रस्त्यापासून दूर सापडतं. एप्रिल २०१४ मध्ये सिरी फोर्ट क्रीडा संकुलात झालेल्या इंडिया सुपर सिरीज स्पर्धेत बॅडमिंटनमध्ये ‘हॉक-आय’ अधिकृतपणे आलं. शटलचा माग काढणं खायचं काम नाही. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या एका स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर नोंदवला गेला. त्या पहिल्या क्षणाच्या वेगाने शटल सेकंदाला २५ फ्रेमच्या साध्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममध्ये सहा मीटरहून जास्त अंतर कापेल. कोर्टच सगळं १३.४ मीटरचं. हॉक-आयला हे जमतं कारण तिथे अनेक वेगवान कॅमेरे एकाच शटलकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहतात, प्रकाश ठरलेला असतो, कोर्टाची मोजमापं मिलिमीटरपर्यंत माहीत असतात आणि शटलच्या आड बस येत नाही. थोडक्यात, परीक्षा सोपी करून घेतलेली असते. त्यात कमीपणा काही नाही. उलट रस्त्यासाठीही हाच धडा घेण्याजोगा आहे.

क्रिकेटने यात आणखी एक प्रामाणिकपणा दाखवला. पॉल हॉकिन्स यांनी इंग्लंडमध्ये घडवलेली ही प्रणाली २००१ मध्ये टीव्हीवर आली. मोहालीतल्या २०११ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात सईद अजमलच्या चेंडूवर पायचीत दिलेला सचिन तेंडुलकर तिच्यामुळे वाचला, आणि त्या निकालावर कितीतरी दिवस वाद झाले. कार्डिफचे समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट एव्हान्स यांनी २००८ मध्येच आक्षेप घेतला होता की पडद्यावरची ती गुळगुळीत रेघ म्हणजे अंदाज आहे, आणि त्या अंदाजात किती चूक असू शकते हे प्रेक्षकाला दाखवलं जात नाही. क्रिकेटमधला ‘अंपायर्स कॉल’ हे त्या आक्षेपाचं व्यवहारातलं उत्तर म्हणता येईल. चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाणार असेल तर यंत्र निकाल देत नाही, मैदानावरच्या पंचाचा निकाल कायम राहतो. अनेकांना हा नियम चीड आणतो. पण ‘इथे मला खात्री नाही’ असं लाखो लोकांसमोर कबूल करणारी माग-प्रणाली दुसरीकडे कुठे पाहायला मिळते? आपल्या चौकांत तर नाहीच.

मोजमापाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. संशोधनात भक्कमपणा मोजायला संग्रह असतात. २०१३-१५ च्या ‘ओटीबी’ या शंभर फितींच्या संग्रहात अडचणींचे अकरा प्रकार नोंदलेले आहेत: झाकलं जाणं, उजेड बदलणं, आकार बदलणं, धूसर होणं, गर्दीची पार्श्वभूमी वगैरे. २०१५ च्या ‘व्हीओटी’ या माग काढण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला कोरियन ‘एमडीनेट’ ओटीबीवर ६७.८ गुण मिळवत होता. २०१९ मध्ये ‘लासॉट’ आला: १,४०० फिती, सरासरी अडीच हजार फ्रेमच्या, जिथे वस्तू चित्राबाहेर जाते आणि परत येते. तोच एमडीनेट तिथे ३९.७ वर आला. यंत्र तेच, फक्त फीत लांबली आणि वस्तू हरवू लागली. पुढे २०२२ मध्ये ‘ओएसट्रॅक’ने लासॉटवर ७१.१ गाठले, आणि ही खरी प्रगती आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. तरी पुढचा, आणखी लांब आणि आणखी धुरकट संग्रह आला की काय होईल, हा अनुभव जुना आहे.

युरोपीय संशोधकांनी २०१३ पासून चालवलेल्या ‘व्हीओटी’ स्पर्धेची सुरुवातीची पद्धत या दृष्टीने मोलाची होती. यंत्राची चौकट वस्तूवरून पूर्ण सुटली की ती चूक मोजायची, पाच फ्रेम जाऊ द्यायच्या आणि मग यंत्राला पुन्हा योग्य जागी उभं करायचं. फितीअखेर दोन आकडे हातात: चौकट किती नीट बसली, आणि यंत्र किती वेळा पडलं. रस्त्यावरच्या यंत्रणेसाठी दुसरा आकडा कळीचा आहे, कारण तिथे पडलेल्याला उचलून परत उभं करणारं कोणी नसतं. गर्दीतल्या मागासाठी ‘आयडीएफ१’ आणि २०२० चा ‘होटा’ ही मापं आहेत. एकाच वाहनाची ओळख किती टिकली हे ती सांगतात. सरकारी निविदांत ‘९५ टक्के अचूकता’ असं लिहिलं जातं तेव्हा ती कशाची, ओळखीची की टिकलेल्या मागाची, हे आधी विचारायला हवं.

ताज्या घडामोडींत स्मरणशक्तीवर भर आहे. मेटाने जुलै २०२४ मध्ये ‘सॅम २’ हे प्रारूप खुलं केलं. ते मागच्या काही फ्रेमची आठवण जवळ ठेवतं आणि नव्या फ्रेमकडे त्या आठवणीतून पाहतं. गर्दीत सारख्या दिसणाऱ्या वस्तू आल्या की तेही गोंधळतं, म्हणून त्याच वर्षअखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाने ‘सामुराई’ नावाची सुधारणा केली: कोणत्या आठवणी विश्वासाच्या आणि कोणत्या गाळायच्या हे ठरवायला वस्तूच्या गतीचा आधार घ्यायचा. ती गती काढायला त्यांनी काय वापरलं? काल्मनचं १९६० चं गणित.

वाहनाऐवजी माणसाचा माग काढायचा झाला की हाच प्रश्न अधिक जोखमीचा होतो. दिल्ली पोलिसांची चेहरा ओळखणारी प्रणाली हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी आली. २०१८ साली तिची अचूकता दोन टक्के असल्याचं उच्च न्यायालयात सांगितलं गेलं. २०२२ मध्ये इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या माहिती अधिकार अर्जाला उत्तर मिळालं की ८० टक्के साम्य म्हणजे जुळणी समजली जाते. एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात माणसाची ओळख पोचवताना प्रत्येक सांध्यावर चूक होऊ शकते आणि त्या चुका साठत जातात. रिक्षेचा क्रमांक चुकला तर मोजणी बिघडते. माणसाचा चुकला तर पोलीस दारात येतात.

कायद्यात याला एक धागा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. दंडासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक उपकरणाला राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नव्याने घ्यायला हवं. नियमात १३२ शहरांची यादी आहे, त्यांतली १९ महाराष्ट्रातली. म्हणजे द्वारका एक्सप्रेसवेवरचा हा प्रश्न पुण्या-नागपूरकरांच्याही दारात उभा आहे.

या वार्षिक प्रमाणपत्रात एक तपासणी जोडावी: जानेवारीच्या धुक्यातली एक तासाची आणि दिवाळीनंतरच्या संध्याकाळची एक तासाची फीत, त्याच चौकातली, माणसांनी खुणा केलेली, तिच्यावर यंत्राचा माग किती वेळा तुटला आणि किती वाहनांची ओळख बदलली हे दोन आकडे, आणि ते संकेतस्थळावर जाहीर. जिथे यंत्राला खात्री नाही तिथे दंडाची नोटीस निघण्याआधी माणसाने फीत पाहावी. याला नवं संशोधन लागत नाही. दिल्लीत त्यासाठीची माणसं, संस्था आणि फिती तिन्ही आहेत, आणि महाराष्ट्रातल्या शहरांनी कॅमेऱ्यांची पुढची निविदा काढण्याआधी ही अट तिच्यात लिहून घ्यावी.